‘बोलत नाही’ म्हणजे नक्की काय नाही?

केसपेपरवर तक्रारीच्या रकान्यात बहुतेक वेळा दोनच शब्द असतात: ‘बोलत नाही’. क्वचित त्याला जोड असते. जीभ जड आहे, बोबडं बोलतो, तोतरं बोलते, नाकात बोलतो. मूल अडीच वर्षांचं, सोबत आई, बहुधा आजीही, आणि पिशवीत सोनोग्राफीपासूनचे सगळे कागद. आम्हा वाचा-भाषा तज्ज्ञांकडे तपासणीच्या पहिल्या भेटीला दीड-दोन तास लागतात, आणि त्यातला मोठा भाग या दोन शब्दांची फोड करण्यात जातो. उपचार काय, हे त्यानंतरचं. फोड चुकली तर सहा महिने भलत्याच गोष्टीवर मेहनत होते, आणि अडीच वर्षांच्या मुलाचे सहा महिने म्हणजे त्याच्या आजवरच्या आयुष्याचा पाचवा हिस्सा.

समजा, समोर केळं आहे. एक मूल आईचा हात ओढून तिला टोपलीपाशी नेतं, केळ्याकडे बघतं, मग तिच्या तोंडाकडे बघतं. शब्द नाही, पण संवाद आहे. दुसरं मूल ‘केळं आण’ म्हटल्यावर उठून आणतं. त्याला भाषा समजते, अजून वापरता येत नाही. तिसरं ‘तेलं दे’ म्हणतं. त्याची भाषा ठीक आहे, दोन शब्द जोडलेत, अडलंय ते ध्वनी काढण्यात, म्हणजे वाचेत. आणि चौथं मूल मोबाइलवरच्या गाण्यातली फळांची सगळी नावं लख्ख उच्चारात म्हणून दाखवतं, पण भूक लागली की नुसतं रडतं. त्याची वाचा उत्तम आहे. शब्द दुसऱ्यासाठी वापरायचा असतो हेच अजून उमगलेलं नाही. चौघांच्याही केसपेपरवर ‘बोलत नाही’ किंवा ‘नीट बोलत नाही’ एवढंच लिहिलेलं असू शकतं. फुप्फुसातली हवा, स्वरयंत्र, टाळू, जीभ आणि ओठ मिळून जे करतात ती वाचा. शब्द, त्यांचे अर्थ आणि ते जोडायचे नियम म्हणजे भाषा. संवाद या दोन्हींच्या आधीपासून सुरू झालेला असतो.

सुरुवात प्रश्नांनी होते आणि ते गरोदरपणापासून सुरू होतात, म्हणून घरचे थोडे वैतागतात. पण प्रत्येक प्रश्नामागे कारण असतं. जन्मल्याबरोबर रडलं का? काचेच्या पेटीत किती दिवस होतं? कावीळ किती चढली होती, रक्त बदलावं लागलं का? जेंटामायसिन किंवा अमिकॅसिनसारखी, कानाला अपाय करू शकणारी इंजेक्शनं दिली होती का? मेंदूज्वर, आकडी, वारंवार कान वाहणं? आईवडील नात्यातले आहेत का? मामाच्या मुलीशी लग्न आपल्याकडे अनेक घरांत सहज होतं आणि जन्मजात बहिरेपणाच्या संदर्भात ही माहिती महत्त्वाची असते. ती लपवू नये. इथे कोणी न्यायनिवाडा करायला बसलेलं नाही.

मग हमखास येणारं वाक्य: “मॅडम, समजतं त्याला सगळं, फक्त बोलतच नाही.” हे खोटं नसतं, पण तपासल्याशिवाय घेताही येत नाही. आई ‘चप्पल घाल’ म्हणते तेव्हा ती दाराकडे बघत असते, हातात पर्स असते, संध्याकाळची वेळ असते. मूल प्रसंग वाचतं, शब्द नव्हे. म्हणून आम्ही हात मागे बांधून, नजर मुलाच्या चेहऱ्यावर ठेवून, प्रसंगाशी संबंध नसलेली सूचना द्यायला सांगतो. समोर चेंडू, चमचा, बाहुली, कंगवा आणि गाडी मांडायची आणि म्हणायचं, “चमचा बाहुलीला दे.” दोन वर्षांच्या मुलाला हे जमायला हवं. त्याने नुसताच चमचा उचलून स्वतःच्या तोंडात घातला, तर त्याला एक शब्द कळला आणि बाकीचं त्याने सवयीने भरून काढलं. ‘सगळं समजतं’ इथे बरेचदा निम्म्यावर येतं. आईचा चेहरा पडतो, पण पुढची दिशा याच निम्म्यावरून ठरते.

शब्दांचा हिशेबही असाच मांडावा लागतो. ‘किती शब्द बोलतो?’ याला ‘चार-पाच’ किंवा ‘खूप’ अशी उत्तरं येतात. त्यापेक्षा घरून कागदावर लिहून आणलेली यादी कामाची. तिच्यात काय धरायचं याचा नियम सोपा आहे: मूल तो आवाज प्रत्येक वेळी त्याच गोष्टीसाठी, आपणहून काढत असेल तर तो शब्द. जेवणासाठी नेहमी ‘मम्’ हा शब्द. कुत्र्यासाठी ‘भूभू’ हाही शब्द. ‘म्हण आजी, म्हण आजी’ असं दहादा केल्यावर निघालेलं ‘आजी’ धरायचं नाही. एबीसीडी आणि वन-टू-थ्री सुद्धा नाही, ती पाठांतराची साखळी आहे. घरात मराठी, शेजारी हिंदी, पाळणाघरात इंग्रजी असेल तर तिन्ही भाषांतले शब्द एकत्र मोजायचे. दोन भाषा कानावर पडल्या म्हणून मूल मुकं राहत नाही; घरची भाषा सोडून द्या हा सल्ला अजूनही दिला जातो आणि तो चुकीचा आहे.

ढोबळ मोजमाप असं: वर्षाच्या आसपास पहिला शब्द, दोन वर्षांना पन्नासेक शब्द आणि ‘बाबा गेले’, ‘दूध नको’ अशी दोनाची जोडी, तीन वर्षांना तीन-चार शब्दांची वाक्यं. बारा महिन्यांना बोट दाखवणं, टाटा करणं, बडबड यांपैकी काहीच नसेल, सोळा महिन्यांना एकही शब्द नसेल, दोन वर्षांना आपणहून जोडलेले दोन शब्द नसतील, तर वाट बघायची नाही. आणि येत असलेले शब्द बंद झाले असतील तर वय कितीही असो, त्याच आठवड्यात दाखवायचं. “याचा बापही पाच वर्षांचा झाल्यावर बोलला,” असं आजी सांगते ते खरं असेलही. पण उशिरा बोलून आपोआप सावरणारी मुलं आणि न सावरणारी मुलं दोन वर्षांच्या वयात वरवर सारखीच दिसतात.

यानंतर थेट खेळ किंवा थेरपी सुरू करायची नाही. आधी कान. हा क्रम मोडणं ही या कामातली सगळ्यात महागात पडणारी चूक.

घरी ताट वाजवून बघितलेलं असतं आणि मूल वळलेलं असतं. ताट पडल्याचा आवाज फार मोठा असतो, त्यात अनेक कंप्रता, म्हणजे जाड-बारीक पट्ट्या, मिसळलेल्या असतात, जमीन हादरते, वाजवणाऱ्याची सावली हलते. मध्यम बहिरेपण असलेलं मूलही वळेल. ऐकू येणं म्हणजे बोलणं ऐकू येणं. ऑडिओग्रामवर, म्हणजे ऐकण्याच्या आलेखावर, उभ्या रेषेत आवाजाची पातळी डेसिबलमध्ये आणि आडव्या रेषेत २५० ते ८००० हर्ट्झ कंप्रता असते. बोलण्यातले ध्वनी त्यावर मांडले की मधोमध एक वाकडा पट्टा तयार होतो. त्याला जगभर ‘स्पीच बनाना’ म्हणतात, म्हणजे इथेही केळंच. स्वर आणि म, न या केळ्याच्या डाव्या, कमी कंप्रतेच्या बाजूला असतात. स, श, फ उजव्या टोकाकडे आणि हळू. ज्याचं फक्त उजवं टोक गेलंय त्याला हाक ऐकू येते, पंखा ऐकू येतो, पण ‘साप’ आणि ‘आप’ जवळजवळ सारखेच वाटतात. घरच्यांना तो हट्टी वाटतो, ‘मनात असलं की ऐकतो’.

कानाची तपासणी एका यंत्रात होत नाही. आधी ऑटोस्कोपने कानात बघतात. मळाचा बोळा असेल तर पुढचं सगळं फसतं. मग टिम्पॅनोमेट्री, दोन मिनिटांचं काम. कानात रबरी टोक बसवून हवेचा दाब बदलतात आणि पडदा किती हलतो ते आलेखावर उमटतं. टोकदार डोंगर आला तर ‘ए’ प्रकार, ठीक. सपाट रेष आली तर ‘बी’, पडद्यामागे द्रव असण्याची शक्यता. सर्दी वरचेवर होणाऱ्या मुलांत हा द्रव महिनोन्‌महिने राहतो, दुखत नाही, वाहत नाही, म्हणून कळत नाही. त्यानंतर ओएई: कानात छोटा आवाज सोडून आतल्या शंखाकृती भागाकडून परत येणारा अतिसूक्ष्म प्रतिसाद टिपायचा. मूल रडत असेल, कूलर चालू असेल किंवा पडद्यामागे द्रव असेल तर ‘रेफर’ असा निकाल येतो. ‘रेफर’ म्हणजे बहिरेपण नव्हे, पुन्हा बघा. तसंच ‘पास’ म्हणजेही सगळं आलबेल नव्हे, कारण ही चाचणी शंखाकृती भागापर्यंतच जाते, मज्जातंतूपर्यंत नाही. जन्मतः कावीळ फार चढलेल्या काही मुलांत ओएई पास होतं आणि मेंदूकडे संदेश मात्र विस्कटून जातो. तिथे बेरा, म्हणजे आवाज दिल्यावर कानापासून मेंदूकडे जाणाऱ्या विद्युत लाटा टिपणारी चाचणी, करावीच लागते.

बेराची वेळ दिली की निम्म्या अडचणी तयारीत असतात. मूल गाढ झोपलेलं हवं, म्हणून आदल्या रात्री उशिरा झोपवायचं, पहाटे लवकर उठवायचं, आणि येताना बसमध्ये किंवा रिक्षात झोपू द्यायचं नाही. यावरच सगळं अडतं: लोकलमध्ये तासभर झोप काढून आलेलं मूल औषध देऊनही टक्क जागं असतं. झोपेचं औषध डॉक्टरच वजनानुसार देतात. खाण्याबद्दल त्यांनी सांगितलेली वेळ पाळायची. सर्दी-ताप असेल तर आधी फोन करून तारीख बदलून घ्यायची. आणि केसांना तेल लावायचं नाही. कपाळावर आणि दोन्ही कानांमागे इलेक्ट्रोड चिकटवायचे असतात. तिथे खोबरेल असलं की ते धरत नाहीत, रोध वाढतो आणि लाटा गोंगाटात बुडतात. रोध पाच किलोओहमच्या खाली हवा. मग इअरफोनमधून टिकटिक आवाज सोडतात, हजार-दोन हजार वेळा, आणि यंत्र त्यांची सरासरी काढतं. पाच लाटांपैकी पाचवी सगळ्यात चिवट. आवाज टप्प्याटप्प्याने कमी करत ती कुठवर दिसते ते शोधायचं. ३० डेसिबलला स्पष्ट दिसली तर बहुधा काळजीचं कारण नाही.

एक मेख मात्र आहे. नेहमीची बेरा ‘क्लिक’ आवाजाची असते आणि ती मुख्यतः २००० ते ४००० हर्ट्झच्या पट्ट्याबद्दल सांगते. ९० डेसिबललाही लाट नाही असा अहवाल आला म्हणून मुलाला काहीच ऐकू येत नाही असं ठरत नाही. कमी कंप्रतेत बरंच शिल्लक असू शकतं. म्हणून कागदाच्या जोडीला मुलाचं वागणंही बघायचं. आवाज आला की ठोकळा डब्यात टाकायचा हा खेळ अडीच-तीन वर्षांची मुलं छान शिकतात, आणि त्यातून एकेका कंप्रतेची पातळी निघते. दोन चाचण्या एकमेकींशी जुळल्या नाहीत तर तिसरी करायची, घाईने श्रवणयंत्र द्यायचं नाही.

नवजात बाळांसाठीचा आराखडा १-३-६ असा आहे: महिन्याच्या आत चाळणी चाचणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपचार सुरू. आपल्याकडे बाळंतपण झालेल्या दवाखान्यात ओएईची सोय नसेल तर हे तिन्ही टप्पे चुकतात आणि मूल आमच्यापर्यंत ‘बोलत नाही’ म्हणून अडीच वर्षांनी येतं. मुंबईत वांद्र्याला १९८३ पासून वाचा आणि श्रवणदोषांसाठीची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, मोठ्या सरकारी रुग्णालयांत कान-नाक-घसा विभागाला जोडून ऑडिओलॉजीचं, म्हणजे श्रवणतपासणीचं, काम चालतं. खासगीत जायचं तर समोरच्या व्यक्तीची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का हे विचारावं. विचारल्याचा राग येत असेल तर दुसरीकडे जावं.

कान ठीक निघाले की खेळ. टेबलावर भातुकली, चावीचं खेळणं, साबणाचे फुगे. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, मॅडम नुसत्या खेळताहेत. प्रत्यक्षात प्रत्येक खेळणं एक सापळा असतं. फुग्यांच्या बाटलीचं झाकण मुद्दाम घट्ट लावलेलं असतं, चावी मुलाला फिरवता येत नाही अशी असते, बिस्किटाचा डबा पारदर्शक आणि बंद असतो. मूल काय करतं? माणसाकडे बघून डबा पुढे करतं, आवाज काढतं, आईचा हात अवजारासारखा उचलून झाकणावर ठेवतं आणि तिच्याकडे बघतच नाही, की डबा आपटून निघून जातं? मागण्यासाठी बोट दाखवणं आणि ‘बघ, विमान!’ असं नुसतं दाखवण्यासाठी बोट करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली आहे पण दुसरी दीड वर्षानंतरही नाही, नावाने हाक मारली तर वळत नाही, गाडी चालवण्याऐवजी तिचं चाकच फिरवत बसतं, असं दिसलं की स्वमग्नतेची (ऑटिझमची) चाळणी करायची. एम-चॅट ही वीस प्रश्नांची यादी १६ ते ३० महिन्यांसाठी आहे. तीन ते सात गुण आले तर पुढचे प्रश्न विचारायचे, आठ किंवा जास्त आले तर थेट बालविकासतज्ज्ञांकडे पाठवायचं. यादीवरून निदान करत नाहीत. हे दोनदा सांगूनही घरी जाऊन ‘मॅडमनी ऑटिझम सांगितला’ असा निरोप जातो.

मग आईला खेळायला बसवतो आणि दहा मिनिटं गप्प बसून मोजतो. बहुतेक घरांत प्रश्नांची सरबत्ती असते: हे काय आहे? हा कुठला रंग? काऊ कसा करतो? म्हण ना! मूल उत्तर देत नाही, मग प्रश्न आणखी वाढतात. यात आईचा दोष नाही; बोलत नसलेल्या मुलाशी बोलताना कोणाचंही असंच होतं.

तोंडाची तपासणी त्या मानाने झटपट. ओठ मिटतात का, लाळ गळते का, टाळूला फट आहे का, पडजीभ दुभंगलेली दिसते का. प्यायलेलं दूध नाकातून येत असे का, हेही विचारायचं, कारण वरून अखंड दिसणाऱ्या टाळूखाली स्नायूंची फट असू शकते, आणि गेंगाणेपणाचं मूळ तिथे सापडतं. जिभेखालची दोरी हा सगळ्यांचा लाडका संशयित. दोरी आखूड असेल तर जीभ बाहेर काढताना टोक बदामासारखं दुमडतं, तान्हेपणी दूध ओढायला त्रास होतो, पुढे एखाद्या ध्वनीवर परिणाम होऊ शकतो. पण त्यामुळे शब्दच येत नाहीत असं होत नाही. बाळगुटीतलं वेखंड, जिभेला सोनं लावणं, मध चोळणं हे सगळं झालेलं असतं. त्याने भाषा येत नाही, आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मध देणं धोक्याचं आहे.

मूल मोठं, चार-पाच वर्षांचं असेल आणि तक्रार ‘बोबडं’ असेल तर ध्वनींची यादी काढायची. प्रत्येक ध्वनी शब्दाच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी तपासतात, पण मराठीत ळ आणि ण शब्दाच्या सुरुवातीला येत नाहीत. इंग्रजी नमुन्यावरून केलेल्या तक्त्यात तो रकाना रिकामाच राहतो. उलट च दोनदा तपासावा लागतो: ‘चिमणी’तला वेगळा, ‘चाक’मधला वेगळा, ज तसाच, ‘जीभ’ आणि ‘जाळी’. महाप्राणांसाठी, म्हणजे घ, थ, फ अशा ‘ह’ मिसळलेल्या ध्वनींसाठी, जोड्या घेतो: गडी-घडी, ताट-थाट, पळ-फळ. चित्र दाखवून नाव विचारायचं, आपण म्हणून दाखवायचं नाही. चुका सुट्या नसतात, त्यांना नियम असतो. काकाला ‘ताता’, गाडीला ‘दाडी’, केळ्याला ‘तेलं’ म्हणणारं मूल जिभेच्या मागच्या भागाचं काम पुढच्या भागाकडून करून घेतंय. हे अडीच वर्षांना चालतं, चार वर्षांनंतर राहायला नको. र, श, ळ यांना मात्र पाच-सहा वर्षंही लागू शकतात. त्यासाठी बालवाडीच्या बाईंनी धास्तावून जायचं कारण नाही.

आणि केळ्याला ‘केयं’ म्हणणारं मूल? आधी घर कुठलं ते विचारा. वऱ्हाडी घरात डोळ्याला डोया आणि केळ्याला केयं म्हणतात; आगरी-कोळी बोलीत ळचा ल आणि णचा न होतो. आजी, बाप, काका सगळे ‘पानी’ म्हणत असतील आणि मूलही ‘पानी’ म्हणत असेल तर ते अगदी बरोबर शिकलंय. तो बोलीतला फरक आहे, दोष नाही, आणि अहवालात तसंच लिहायचं. पुण्याची प्रमाणभाषा मोजपट्टी म्हणून वापरून अशा मुलाला थेरपीला बसवणं ही तपासणाऱ्याची चूक. व्याकरणाचंही असंच. पन्नास वाक्यं ध्वनिमुद्रित करून जशीच्या तशी उतरवतो आणि मराठी जिथे कसाला लावते तिथे बघतो: ‘मी आंबा खाल्ला’ पण ‘मी पोळी खाल्ली’, ‘ताईने’, ‘ताईला’, ‘ताईचं’. चार-साडेचार वर्षांचं मूल हे प्रत्यय सतत गाळत असेल, ‘ताई पोळी दिला’ म्हणत असेल, ऐकणं आणि बुद्धी ठीक असेल, तर उच्चार कितीही स्पष्ट असले तरी प्रश्न भाषेचा आहे. अशी मुलं शाळेत ‘लक्ष देत नाही’ या शेऱ्याखाली हरवतात.

शेवटी अहवाल. त्यात समजण्याचं वय आणि बोलण्याचं वय वेगवेगळं लिहिलेलं असतं, उदाहरणार्थ ३० महिन्यांच्या मुलासाठी २४-२६ आणि १२-१४ महिने. हे दोन आकडे घरच्यांनी समजून घ्यावेत. निदानाच्या नावापेक्षा ते जास्त सांगतात. ‘वाचा-भाषा विकासात विलंब’ हे बहुधा तात्पुरतं नाव असतं, सहा महिन्यांनी फेरतपासणीत ते बदलू शकतं. अपंगत्वाचं प्रमाणपत्र हा वेगळा रस्ता आहे: २०१६ च्या कायद्यात बहिरेपणासाठी दोन्ही कानांत ७० डेसिबल आणि कमी ऐकू येण्यासाठी ६० ते ७० अशी रेषा आहे. त्याची घाई पहिल्या भेटीत नको.

घरी जाताना आम्ही एकच काम देतो, दहा दिले तर एकही होत नाही. मोबाइल बाजूला. केळं एका हातात, बिस्कीट दुसऱ्या हातात, दोन्ही मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर. “केळं की बिस्कीट?” मनात पाच आकडे मोजेपर्यंत थांबायचं, ‘सांग ना’ म्हणायचं नाही. त्याने बघितलं, हात केला, ‘ते’ म्हटलं, काहीही केलं तरी ते उत्तर धरायचं, “केळं! केळं हवं” म्हणायचं आणि लगेच द्यायचं. पूर्ण केळं नाही, छोटा तुकडा, म्हणजे पुन्हा मागायला लागेल. दिवसातून पाच वेळा, पंधरा दिवस. काय काय झालं ते वहीत लिहून आणायचं, तारखेसकट.